रात्रीच्या जेवणाला अळूचे पत्रोडे: खवखव, कच्चा गाभा आणि सुटणारे पदर

गोव्यातल्या फोंड्याजवळच्या एका गावातून एका भगिनींनी विचारले आहे की, परसात पावसाळाभर अळू माजलेले असते आणि त्याचे पत्रोडे (पानांवर वाटलेले पीठ लावून, गुंडाळून वाफवलेला पदार्थ) करून रात्री सगळ्यांनी एकत्र बसून जेवावे अशी त्यांची इच्छा असते. परंतु दर वेळी काही ना काही बिघडते. कधी घसा खवखवतो, कधी उंडा, म्हणजे पानांची गुंडाळी, बाहेरून शिजलेला आणि आतून पिठूळ निघतो, तर कधी सुरी लावताच पदर सुटून सगळ्याचा चुरा होतो. घरात वयस्कर सासूबाई आहेत, त्यांना तळलेले सोसत नाही. दोन शाळकरी मुले आहेत, त्यांपैकी धाकटीला अळू तोंडाला लागले की लगेच खाज सुटते. मसाल्याचे प्रमाण बदलून पाहावे का, असा त्यांचा शेवटचा प्रश्न आहे.

मसाल्याला हात लावू नये, हे आधीच सांगतो. आपण सांगितलेल्या तिन्ही तक्रारींचा मसाल्याशी संबंध फार थोडा आहे. त्या पानाची निवड, पिठाच्या थराची जाडी आणि वाफेचा वेळ या तीन ठिकाणी निर्माण होतात, आणि बहुतेक घरांत या तिन्हींकडे दुर्लक्ष करून मिरची-मसाल्यावरच चर्चा चालते.

पानापासून सुरुवात करू. अळूच्या पानात आणि देठात कॅल्शियम ऑक्झलेटचे अतिसूक्ष्म, सुईसारखे टोकदार स्फटिक असतात. ते जिभेच्या व घशाच्या नाजूक आवरणाला टोचतात आणि त्यामुळे खाज सुटते. हे स्फटिक पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून पाने कितीही वेळा धुतली तरी त्याचा उपयोग धूळ आणि किडे जाण्यापुरताच असतो. खाज आटोक्यात ठेवायची तर पुरेसे आंबट आणि पुरेशी दीर्घ उष्णता, दोन्ही एकाच वेळी लागतात. एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही. भरपूर चिंच घालून वीस मिनिटांत उतरवलेला उंडा खवखवतोच, आणि तासभर वाफवलेला पण आंबट कमी पडलेला उंडाही कित्येकदा खवखवतो.

परसात जे उगवते ते सगळेच पत्रोड्यांच्या उपयोगाचे नसते, हेही लक्षात घ्यावे. काळपट जांभळ्या देठाचे, किंचित जाड पानाचे अळू वडीसाठी आणि पत्रोड्यांसाठी योग्य. फिकट हिरव्या देठाचे, लुसलुशीत पानाचे अळू पातळ भाजीसाठी. पहिल्या पावसाबरोबर बांधावर आणि कुंपणाच्या कडेला आपोआप उगवणारे तेरें, म्हणजे रानअळू, तर पूर्णपणे वेगळ्या वाटेचे आहे. त्याला खाज अधिक असते आणि म्हणूनच जुन्या बायका ते आंबाडे (एक आंबट फळ) घालून, भरपूर शिजवून, भाजी करूनच वाढतात. तेऱ्याचे पान दिसायला अळूच्या पानासारखेच असल्यामुळे ते अनवधानाने उंड्यात जाते, आणि एका पानाने सगळा उंडा बिघडतो. आपल्या परसात दोन्ही मिसळून वाढत असतील, तर खवखवीचे अर्धे उत्तर तिथेच असण्याची शक्यता आहे.

पान फार कोवळे नसावे, कारण ते लाटताना फाटते. फार जून नसावे, कारण त्याच्या शिरा चामड्यासारख्या राहतात. पूर्ण उघडलेले, पण अजून तुकतुकीत असलेले, पसरलेल्या पंज्यापेक्षा थोडे मोठे पान उत्तम. सकाळी काढून दुपारपर्यंत सावलीत पसरून ठेवावे. किंचित मलूल झालेले पान वळताना तडकत नाही. ताजे, ताठ पान घेऊन लगेच उंडा वळणे हे पदर सुटण्याचे एक मोठे कारण आहे, कारण ताठ पान वळल्यानंतरही उलगडू पाहते.

हाताला खोबरेल तेल लावून पाने पुसून घ्यावीत. पान पालथे ठेवून देठ मुळाशी कापावा, मधली जाड शीर सुरी आडवी धरून तासावी, आणि मग पानावरून लाटणे जोर देऊन फिरवावे, म्हणजे उरलेल्या शिरा चेपल्या जातात. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच ते टाळले जाते. शीर न तासता वळलेल्या उंड्यात प्रत्येक शिरेच्या दोन्ही बाजूंना पोकळी राहते; त्या पोकळीत पीठ नीट बसत नाही, आणि कापताना पदर नेमका तिथेच सुटतो. जाड शीर आजूबाजूच्या पात्यापेक्षा उशिरा शिजते, त्यामुळे खवखवीचाही तोच अड्डा असतो.

आता पिठाविषयी. गोव्यात दोन्ही पद्धती चालतात: बेसनाच्या अळूवड्या आणि तांदूळ वाटून केलेले पत्रोडे. बेसनाची वडी तळल्यावर उत्तम लागते, पण नुसती वाफवून खाल्ली तर ती तोंडात कोरडी वाटते. आपल्याकडे सासूबाईंसाठी तळण वर्ज्य आहे आणि पदार्थ पोटभरीचा हवा आहे, तेव्हा तांदळाचेच पत्रोडे करावेत. पाच माणसांच्या जेवणाला वीस पाने, म्हणजे प्रत्येकी पाच पानांचे चार उंडे पुरतात. त्यासाठी 300 ग्रॅम सुरय (न उकडलेला) तांदूळ आणि 75 ग्रॅम तूरडाळ एकत्र धुऊन तीन तास भिजवावी. दीड वाटी खवलेला नारळ, मोठा चमचाभर धने, आठ-दहा सुक्या मिरच्या, दोन लहान लिंबांएवढी चिंच, तिच्या निम्मा माडाचा गूळ, पाव चमचा हिंग आणि मीठ. मुलांसाठी मिरच्या सहा घेतल्या तरी चालते, आणि त्या काणकोणकडच्या खोला गावच्या मिरच्या असल्या तर रंगाची उणीव जाणवत नाही.

नारळ, मिरची, धने आणि चिंच आधी अगदी गंधासारखे बारीक वाटावे. तांदूळ-डाळ निथळून नंतर घालावी आणि बारीक रव्याइतकी भरड ठेवावी. हा क्रम महत्त्वाचा आहे. सगळे एकदम वाटले तर नारळ भरड राहतो आणि तांदूळ मात्र गुळगुळीत होऊन जातो, नेमके नको त्याच्या उलट. गुळगुळीत वाटलेल्या तांदळाचा पत्रोडा शिजल्यावर रबरासारखा होतो, भरड वाटलेल्याचा मऊ पण मोकळा राहतो. वाटताना पाणी जपून घालावे. पीठ बोटाने पानावर पसरता यावे, पण पान उभे धरले तर ओघळू नये, इतके ते घट्ट हवे. चव पाहताना ते थोडे अधिक आंबट, अधिक तिखट आणि अधिक खारट लागले पाहिजे, कारण पान स्वतः अळणी असते आणि शिजल्यावर चव बोथट होते.

आंबटासाठी चिंचेऐवजी सोलांचा (आमसुलांचा) दाट रस चालतो, रंग मात्र काळपट येतो. श्रावणात आंबाडे मिळत असतील तर त्यांचा गर वाटणात घातल्यास जो सुगंध येतो तो चिंचेला कधीच येत नाही. त्यासाठी मी चिंच निम्मी करून उरलेला आंबटपणा आंबाड्यांवर सोपवतो. बिमलांविषयी (बिलिंबीच्या फळांविषयी) मात्र सावध राहावे. ती अतिशय आंबट असल्यामुळे सोयीची वाटतात, परंतु त्यांच्यातच ऑक्झलिक आम्ल भरपूर असते, आणि अळूबरोबर ती वापरणे म्हणजे एकाच गोष्टीची दुहेरी भर घालणे होय. सासूबाईंना मूतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा काही त्रास असेल, तर अळू वाढण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. वाफवल्याने पानातील ऑक्झलेट बाहेर निघून जात नाही. निरोगी माणसाने पत्रोड्यांबरोबर वाटीभर दही घ्यावे, कारण दह्यातील कॅल्शियम पोटातच विरघळणाऱ्या ऑक्झलेटला बांधून ठेवते आणि ते शरीरात कमी शोषले जाते.

उंडा वळताना सर्वांत मोठे पान पालथे ठेवून त्यावर पिठाचा इतका पातळ थर द्यावा की खालच्या पानाचा हिरवा रंग अंधुक दिसत राहील. दुसरे पान त्यावर उलट दिशेने, म्हणजे पहिल्याच्या टोकावर दुसऱ्याचा देठाकडचा भाग येईल असे ठेवावे. अशी पाच पाने झाली की दोन्ही बाजू आत दुमडून त्या दुमडींवरही पीठ लावावे (हा हात बहुतेक जण चुकवतात, आणि कोरड्या दुमडीला धरून ठेवणारे काहीच नसते) आणि मग खालून वर, प्रत्येक वळणावर थोडे पीठ लावत, घट्ट गुंडाळत जावे. उंड्याची जाडी 5 सेंटिमीटरच्या पुढे जाऊ देऊ नये. आठ-दहा पानांचा गलेलठ्ठ उंडा ताटात शोभून दिसतो खरा, पण आपल्याकडे आतले पीठ कच्चे राहते त्याचे कारण बहुधा हाच थाट असावा: वाफेची उष्णता पानापानातून फार सावकाश आत शिरते, आणि जाडी थोडी वाढली तरी गाभ्यापर्यंत पोचायला बराच अधिक वेळ लागतो. वळून झाल्यावर दोन ठिकाणी दोरा किंवा केळीच्या सोपाची (खोडाच्या सालीची) दोरी सैलसर बांधावी. तांदूळ फुगतो, म्हणून आवळून बांधू नये.

मोदकपात्राच्या चाळणीवर हळदीची पाने अंथरावीत. पातोळ्यांसाठी ती या दिवसांत घरोघरी असतातच. त्यांवर उंडे, दुमडीची कड खाली येईल असे, एकमेकांना न चिकटवता ठेवावेत. झाकणाला फडके बांधावे, नाही तर झाकणावरचे पाणी ठिबकून वरचा थर ओला आणि चिकट होतो. पाणी खळखळून वाफ जोमाने येऊ लागल्यावर उंडे आत ठेवावेत आणि तेव्हापासून 40 ते 45 मिनिटे मोजावीत. मध्ये पाणी घालावे लागले तर उकळते घालावे. कुकर वापरायचा असेल तर शिटी न लावता, वेळ हाच.

शिजले की नाही हे काडी टोचून पाहण्याची पद्धत मला पुरेशी वाटत नाही. काडी पिठाविषयी सांगते, पानाविषयी काहीच सांगत नाही, आणि खवखव तर पानातून येते. त्यापेक्षा एक उंडा मधोमध कापून रंग पाहावा. उष्णता आणि आंबट यांच्या संयोगाने पानातील हरितद्रव्यातला मॅग्नेशियम सुटून जातो आणि चमकदार हिरवा रंग मळकट, शेवाळी होतो. बाहेरची वेटोळी शेवाळी आणि अगदी मधली दोन वेटोळी अजून हिरवीगार असतील, तर गाभ्यापर्यंत उष्णता तरी पोचलेली नाही किंवा तिथे आंबट तरी कमी पडले आहे. अशा वेळी कापलेले दोन्ही भाग तसेच परत ठेवून आणखी 15 मिनिटे वाफ द्यावी. मधले वेटोळे शेवाळी झाल्याशिवाय धाकट्या मुलीच्या ताटात पत्रोडा वाढू नये, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ फरक पडेल.

कापण्याची घाई हे चुरा होण्याचे शेवटचे कारण. गरम उंड्यातील तांदळाचा गाभा अजून लवचिक आणि ओलसर असतो. निवताना तो घट्ट बसतो. उंडे काढून जाळीवर उघडे ठेवावेत आणि दोन तास तरी त्यांना हात लावू नये. म्हणूनच रात्रीच्या जेवणासाठी पत्रोडे दुपारी तीनच्या सुमारास वाफवायला ठेवणे सोयीचे पडते. निवल्यावर ओल्या सुरीने बोटभर जाडीच्या चकत्या कराव्यात. त्याहून पातळ चकती परत गरम करताना मोडते.

वाढण्याच्या तऱ्हा दोन सांगतो, तिसरी म्हणजे तळण, ती आपल्याला नकोच आहे. सर्वांत साधी आणि माझ्या मते सर्वांत चांगली तऱ्हा अशी की, चकत्या पाच-सात मिनिटे पुन्हा वाफेवर ठेवून, ताटात घेतल्यावर त्यांवर चमचाभर कच्चे खोबरेल तेल सोडावे. घाण्याचे तेल मिळाले तर त्याचा वास वेगळाच. बाजूला पातळ वरण, थोडे शीत (भात), दही आणि लोणचे. सासूबाईंना हे सहज पचेल, कारण यात तांदूळ आणि डाळ दोन्ही शिजलेल्या आहेत आणि तेल नाममात्र आहे.

दुसरी तऱ्हा पावसाच्या रात्रीसाठी, जेव्हा ताटात काहीतरी पातळ आणि कढत हवे असते. अर्धा नारळ, चार मिरच्या, चमचाभर भाजलेले धने आणि चिमूटभर हळद बारीक वाटून, सोलांच्या पाण्यात सारखे करून, मीठ व गूळ घालून एक उकळी आणावी. त्यात ठेचलेली चार-पाच तिरफळे सोडावीत, वरून मोहरी, हिंग आणि कढीपत्त्याची खोबरेल तेलातली फोडणी द्यावी. आच मंद करून मगच चकत्या अलगद ठेवाव्यात आणि तीन-चार मिनिटांत गॅस बंद करावा. चकत्या घालून रस खळखळू दिला तर कडेचे पीठ सुटते आणि रसाची पेज होते. तिरफळाच्या बिया आधीच काढून टाकाव्यात, त्या कडू असतात. मुलांच्या वाट्या भरताना तिरफळे बाजूला करावीत.

एवढे करूनही कोणाला खवखवलेच, तर नुसत्या पाण्याने बरे वाटत नाही. सोल चघळावे किंवा दही खावे, थोड्या वेळात शमते. ओठ किंवा जीभ सुजली, गिळायला अथवा श्वासाला त्रास झाला, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे. धाकटीला सगळी काळजी घेऊनही प्रत्येक वेळी त्रास होत असेल, तर तिला अळूचा आग्रह करू नये. तिच्यासाठी त्याच पिठाचे वेगळे काही करता येते.

वालीची, म्हणजे मायाळूची पाने त्यासाठी चांगली. ती मांसल असतात आणि त्यांना अळूसारखी खाज नसते. पान लहान असल्यामुळे उंडा होत नाही, पण दोन पानांमध्ये पिठाचा थर दाबून अशा जोड्या पसरट ताटलीत 15 मिनिटे वाफवल्या की मुलांच्या हाताजोगा पदार्थ होतो. पालकाच्या वाटेला जाऊ नये, तो वाफेत विरघळल्यासारखा होतो.

कोबीचे पान हा अधिक भारदस्त पर्याय आहे आणि त्यात मासळीही घालता येते. गोव्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीवर बंदी असते, आणि अळूचा भर नेमका त्याच काळात असतो. त्यामुळे श्रावण न पाळणाऱ्या घरांतही तेव्हा पाल्याभाज्यांचेच दिवस असतात. बंदी उठली आणि सुंगटे (कोळंबी) स्वस्त झाली की कोबीचे उंडे करावेत. कोबीचा दांडा कोरून अख्खा गड्डा उकळत्या मिठाच्या पाण्यात तीन-चार मिनिटे धरला की बाहेरची पाने न फाटता सुटतात. त्यांची जाड शीर तासावी. बारीक चिरलेला कांदा, आले आणि हिरवी मिरची तेलावर परतून, त्यात सोललेली लहान सुंगटे जेमतेम मिनिटभर फिरवून, अर्धवट शिजवलेला भात, ओले खोबरे, कोथिंबीर आणि मीठ मिसळावे. प्रत्येक पानात मोठे दोन चमचे सारण घालून बाजू आत दुमडून गुंडाळावे. भात फुगतो म्हणून इथे अळूसारखे घट्ट वळू नये. पातेल्याच्या तळाला उरलेली फाटकी पाने अंथरून त्यांवर उंडे दाटीने रचावेत, नारळाचे दुसरे पातळ दूध ते बुडेपर्यंत घालावे, वर ताटली दाबून ठेवावी आणि मंद आचेवर 25 मिनिटे शिजवावे. दाट दूध शेवटी घालून फक्त गरम करावे, उकळू देऊ नये, नाही तर ते फाटते. आंबटासाठी सोले घालायची तर तीही गॅस बंद केल्यावरच. हा पदार्थ थेट पातेल्यातून वाढता येतो आणि त्याला बाजूला भाताशिवाय काही लागत नाही.

उरलेल्या पत्रोड्यांविषयी एक सूचना. नारळ आणि तांदूळ दोन्ही असल्यामुळे पावसाळ्याच्या दमट हवेत उंडा रात्रभर ओट्यावर ठेवू नये. न कापलेला उंडा फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये तीन दिवस उत्तम राहतो, आणि फ्रिजमधला कडक झालेला उंडा कापायला ताज्यापेक्षाही सोपा असतो. दुसऱ्या दिवशी तव्यावर थोडे खोबरेल तेल सोडून, चकत्यांना दोन्ही बाजूंनी रवा लावून मंद आचेवर खरपूस कराव्यात. मुलांच्या डब्याला त्या चालतात. उंड्याची दोन टोके, जी नीट कापली जात नाहीत, ती कुस्करून मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीत परतावीत आणि वर ओले खोबरे घालावे. सुरुवातीला कापलेले देठही टाकू नयेत. त्यांची साल ओढून काढावी, बोटभर तुकडे करून चिंचेच्या पाण्यात उकडावेत, आणि दुसऱ्या दिवशी भिजवलेले चणे व आंबाडे घालून त्यांची पातळ भाजी करावी. त्यांनाही पानांइतकेच आंबट आणि तितकाच वेळ लागतो.